बिलावर फ्रिक्वेन्सी लिहा: लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांना आणि ऑनलाइन विकणाऱ्यांना खुलं पत्र

लॅमिंग्टन रोडचे शेठ लोक, काउंटरवर उभी असलेली पोरं, आणि घरातल्या एका खोलीतून वायरलेस वस्तू ऑनलाइन विकणारे माझे सगळे दादा-ताई, यांना सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला एका छोट्या गाळ्यात सोसायट्यांच्या पाण्याच्या टाक्यांची लेव्हल दाखवणारे वायरलेस डबे बनवतो. तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्याने ओळखतात, पंधरा दिवसांतून एकदा ग्रँट रोड ईस्टला उतरून पाठीवर सॅक लावून येणारा आणि एका रिलेसाठी चार दुकानं फिरणारा तो मी. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण आपण सगळे अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतो. कॉलेजात असल्यापासून येतोय, सोल्डरिंग कसं करायचं ते पण मला इथल्याच एका काउंटरवरच्या काकांनी दाखवलं, चहा पाजून. त्यामुळे हे पत्र बाहेरच्या माणसाने तक्रार केल्यासारखं वाचू नका, घरातलं माणूस बोलतंय असं वाचा.

विषय एकच आहे. वायरलेस काहीही विकताना ते कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतं ते गिऱ्हाइकाला सांगा आणि बिलावर लिहा, आणि त्या वस्तूला आपल्या देशाच्या मंजुरीचा कागद आहे की नाही ते विकायच्या आधी बघा. एवढंच मागणं आहे, पण ते मी का मागतोय ते नीट सांगतो, थोडा वेळ लागेल.

२०१९ची गोष्ट. मुंबईतल्या सोसायटीचं पाणी कसं असतं तुम्हाला माहितीच आहे, महापालिकेचं पाणी ठराविक वेळ येतं, खालच्या टाकीत पडतं, मग वॉचमन पंप लावतो आणि गच्चीवरची टाकी भरते. वॉचमन जेवायला गेला की टाकी वाहते, भिंतीवरून पाणी खाली, आणि पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचं वाळत घातलेलं सगळं ओलं. वायर टाकून लेव्हल खाली आणायची तर डक्टमध्ये उंदीर खातात, पावसात जॉइंट सडतात, प्लंबर येऊन कापून जातो. म्हणून मी ठरवलं वायरलेसच करायचं, आणि लोरा नावाचं रेडिओचं तंत्र घेतलं कारण वायफाय सात स्लॅबमधून जात नाही, लोरा जातं. कमी डेटा पण लांब, टाकी अर्धी आहे की भरली एवढंच सांगायचंय, त्यापेक्षा योग्य काही नव्हतं.

मॉड्युल, म्हणजे रेडिओची चिप बसवलेले छोटे तयार बोर्ड, इथूनच घेतले. बिल माझ्याकडे अजून आहे, त्यावर लिहिलंय 'लोरा मॉड्युल, ६ नग'. बस. मी काउंटरवर विचारलं रेंज किती, पलीकडून उत्तर आलं दहा माळे आरामात. फ्रिक्वेन्सी मी विचारली नाही, त्याने सांगितली नाही. मॉड्युल उलटं केलं तर मागे बारीक अक्षरात तीन चौकोन छापलेले होते, ४३३, ८६८, ९१५ (मेगाहर्ट्झचे आकडे), आणि ९१५च्या चौकोनावर पेनाचा एक ठिपका. तो ठिपका मी बघितला होता, त्याचा अर्थ काय हे शोधायची गरज मला वाटली नाही. नेटवरून नमुना प्रोग्राम घेतला, तो अमेरिकेच्या चॅनल प्लॅनचा होता, म्हणजे ९०२.३ ते ९१४.९ मेगाहर्ट्झमध्ये उड्या मारत बोलायचं. पहिल्याच दिवशी चाललं, मी खूष, दादरच्या एका सहा मजली सोसायटीत बसवलं आणि डबा दर तीन सेकंदांनी टाकीची लेव्हल सांगायला लागला.

दोनेक महिन्यांनी सेक्रेटरींचा फोन आला, म्हणाले तुम्ही जरा या, मोबाईल कंपनीची माणसं गच्चीवर आली आहेत आणि तुमच्या डब्याकडे बोट दाखवतायत.

मी गेलो. दोन तरुण मुलं होती, एकाच्या हातात माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना आणि दुसऱ्याच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेलं स्क्रीनचं मशीन. अँटेना माझ्या डब्याकडे वळवला की स्क्रीनवर एक टेकडी उभी राहायची, विझायची, मग जरा बाजूला दुसरी. दर तीन सेकंदांनी. मला मोजायची गरज नव्हती, तो आकडा मीच टाकला होता. त्याने विचारलं हे तुमचं का, मी हो म्हटलं, तो म्हणाला बॅटरी काढा. काढली. स्क्रीनवरची रेघ सपाट झाली आणि सपाटच राहिली, आम्ही चौघं ती रेघ बघत उभे होतो.

मग त्याने समजावलं, आणि न रागावता समजावलं याचं मला आजही विशेष वाटतं. ९०० बँडमध्ये आपला मोबाईल टॉवरशी बोलतो तो ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि टॉवर मोबाईलशी बोलतो ९३५ ते ९६० मध्ये. टॉवर शेजारच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर होता. तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो तेव्हा तो अगदी क्षीण झालेला असतो, आणि टॉवर कान देऊन तो ऐकत असतो, आणि मी नेमका त्या कानाशी डबा नेऊन ठेवला होता. म्हणून गंमत बघा काय होत होतं, लोकांच्या फोनवर टॉवरच्या सगळ्या कांड्या फुल दिसायच्या, कारण टॉवरचं बोलणं फोनला नीट ऐकू येत होतं, पण फोनचं टॉवरला ऐकू जात नव्हतं. कॉल लागायचा नाही, लागला तर समोरचा हॅलो हॅलो करत राहायचा.

तिसऱ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात, मुलगी नाशिकला. त्या दोन महिने जिन्यात खालच्या मजल्याच्या वळणावर येऊन मुलीशी बोलायच्या, कारण तिथे आवाज जायचा. त्यांनी फोन खराब झालाय समजून नवीन फोन घेतला होता. हे मला सेक्रेटरींनी उतरताना सहज सांगितलं, त्यांना माहिती पण नव्हतं की ते ऐकून माझ्या पोटात काय झालं. त्या आजी कधी लॅमिंग्टन रोडला आल्या नाहीत, त्यांनी माझ्याकडून काही विकत घेतलं नाही, तुमच्याकडूनही नाही. बिल झालं माझ्यात आणि दुकानात, आणि नुकसान भरलं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी त्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव सांगणार नाही, कारण त्यांच्या जागी तेव्हा कोणीही असतं तरी हेच झालं असतं. ते म्हणाले, आम्ही माल विकतो, तो कुठे लावायचा कसा लावायचा ते तुम्ही बघायचं. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतंय, म्हणून लिहितोय.

हे बघा, टॉर्च विकला तर तो कुठे लावायचा ते गिऱ्हाइकाने बघायचं, बरोबर. पण रेडिओ हा दुकानातून निघाला की फक्त गिऱ्हाइकाच्या घरात राहत नाही, तो भिंतीपलीकडे जातो. आणि कुठला पट्टा कोणाला वापरायला मोकळा हे देशादेशात वेगळं ठरलेलं आहे. अमेरिकेत ९०२ ते ९२८ हा पट्टा छोट्या उपकरणांना मोकळा आहे, म्हणून तिथे ९१५चे मॉड्युल राजरोस विकतात. आपल्याकडे त्याच पट्ट्याचा मोठा भाग मोबाईलचा आहे. आपल्याकडे अशा कामाला ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ मोकळं होतं, २०२१च्या नियमांनी ते ८६८ पर्यंत वाढवलं, त्याला पॉवरची मर्यादा १ वॉट आणि बँडविड्थ, म्हणजे एका चॅनलची रुंदी, २०० किलोहर्ट्झ. म्हणजे आपल्याला जागा दिलेली आहे, चांगली जागा आहे, फक्त ती कुठे आहे ते विकणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

आणि यात अजून एक खोच आहे जी मला पण उशिरा कळली, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आवडेल. गिऱ्हाईक हुशार असेल तर तो ८६८ मागतो आणि तुम्ही ८६८ देता, दोघांना वाटतं काम झालं. पण ८६८ हा युरोपचा शब्द आहे. युरोपच्या प्लॅनमध्ये सुरुवातीचे तीन चॅनल येतात ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५. आपला पट्टा संपतो ८६८ला. म्हणजे डबीतून काढून तसाच चालू केला तर तो बरोब्बर उंबरठ्याच्या बाहेर उभा राहून बोलतो. भारताचा प्लॅन वेगळा आहे, ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५. तोच मॉड्युल, तीच चिप, फक्त सेटिंगमध्ये हे तीन आकडे घालायचे. हे तीन आकडे एका चिठ्ठीवर छापून मॉड्युलच्या पाकिटात टाकले तर किती खर्च येईल? मी स्वतः माझ्या गिऱ्हाइकांसाठी छापल्यात, शंभर चिठ्ठ्या झेरॉक्सच्या एका पानात बसतात.

अँटेनाचं पण तेच. चिपला सगळं जमतं, पण अँटेना एका पट्ट्यासाठी कापलेला असतो, ९१५चा अँटेना ८६५ला लावला की रेंज पडते, मग पोरं पॉवर वाढवतात. अँटेनाच्या पाकिटावर पण आकडा लिहा.

आता तुम्ही म्हणाल की लोरा घेणारे किती, आमचा धंदा ब्लूटूथ आणि वायफायवर चालतो आणि ते जगभर सारखंच. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ आपल्याकडे २००५ पासून लायसन्समाफ आहे हे खरं, ५ गिगाहर्ट्झचे पट्टे पण २०१८मध्ये मोकळे झाले. पण लायसन्स माफ म्हणजे कागद माफ असा जो समज आपल्या रस्त्यावर आहे तो चुकीचा आहे. लायसन्स माफ आहे वापरणाऱ्याला. वस्तूला मंजुरी लागतेच, त्या मंजुरीला ईटीए म्हणतात, इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, ते दूरसंचार विभागाची वायरलेस विंग देते, जिला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात. मॉडेलप्रमाणे मिळतं. मान्यताप्राप्त लॅबचा आरएफ रिपोर्ट, म्हणजे रेडिओच्या मोजणीचा रिपोर्ट, लागतो, त्यात फ्रिक्वेन्सी, पॉवर, बँडविड्थ आणि पट्ट्याबाहेर किती सांडतंय ते मोजलेलं असतं, आणि मग सरल संचार पोर्टलवर अर्ज. २०१९ पासून बऱ्याच लायसन्समाफ वस्तूंना सेल्फ डिक्लेरेशनने मिळतं, म्हणजे पूर्वी फाइल घेऊन दिल्लीच्या फेऱ्या मारायच्या गोष्टी ऐकायचो तसं आता राहिलं नाही.

'यावर एफसीसी लिहिलंय ना' हे वाक्य मी गेल्या वर्षभरात पाच वेगवेगळ्या काउंटरवर ऐकलंय. वायफायच्या मॉड्युलवर तो जो चकचकीत पत्र्याचा डबा असतो त्यावर एफसीसीचा आयडी कोरलेला असतो, दिसायला भारदस्त असतो. तो अमेरिकेचा कागद आहे. सीई युरोपचा. दोन्ही खरे असतील, चांगल्या कंपनीचे असतील तर असतातच, पण एफसीसीने ९१५ला पास केलेली वस्तू आपल्याकडे काय करते ते मी दादरला बघून आलोय. उलट अशा वेळी एफसीसीचा शिक्का हा सावध व्हायचा इशारा समजा. अमेरिकेहून मामाने आणलेला कॉर्डलेस फोन हे जुनं उदाहरण आहे, तिथले डेक्ट फोन १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, आणि आपल्याकडे १९२० पासून पुढे मोबाईलच्या २१०० बँडचा फोनकडून टॉवरकडे जायचा रस्ता सुरू होतो. फोन उत्तम, ब्रँड उत्तम, मामाचं प्रेम उत्तम, पण तो फोन इथे चालू करायचा नसतो. जुन्या मालात असे फोन अजून येतात, ते तरी विकू नका.

बीआयएसबद्दल, म्हणजे वस्तूंची मानकं ठरवणाऱ्या सरकारी भारतीय मानक ब्युरोबद्दल थोडं, कारण तिथे फसवणूक सरळ सरळ चालते आणि त्यात आपली पोरं नकळत सापडतात. माझ्या डब्याला अडॅप्टर लागतो. अडॅप्टर, पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर, वायरलेस हेडफोन, स्मार्टवॉच, हे सगळं सक्तीच्या नोंदणीत आहे, तो आदेश पहिल्यांदा २०१२ला निघाला. वस्तूवर बीआयएसच्या चिन्हाबरोबर आर आणि मग आठ आकड्यांचा नंबर असतो. मागच्या पावसाळ्यात मी एका दुकानात पन्नास अडॅप्टर घ्यायला उभा होतो, स्वस्त मिळत होते, छपाई झकास, नंबर पण छापलेला. मी तिथेच मोबाईलवर बीआयएस केअर ॲप उघडलं आणि नंबर टाकला. नंबर खरा निघाला, पण दुसऱ्याच कंपनीचा आणि वस्तू एलईडी दिव्याचा ड्रायव्हर. काउंटरवरचा मुलगा वीस-बावीसचा असेल, त्याने माझ्या हातातून मोबाईल घेऊन स्क्रीन दोनदा वाचली आणि गप्प झाला, त्याला खरंच माहिती नव्हतं. मला म्हणाला दादा हे ॲप फुकट आहे का? मी म्हटलं फुकट आहे. त्याने माझ्यासमोर डाउनलोड केलं आणि शेल्फवरच्या पॉवर बँका एकेक काढून बघायला लागला. हे पत्र लिहायचं मी त्याच दिवशी ठरवलं.

नोंदणी ही एका कारखान्याची, एका ब्रँडची आणि त्या मॉडेलांची असते, हे पण लक्षात ठेवा. चीनमधल्या शेन्झेनहून बिननावाचा साधा पांढरा माल आणायचा आणि त्यावर आपला स्टिकर मारायचा हे आता आपल्यातली खूप मुलं करतात, मला त्याचं वाईट वाटत नाही, धंद्याची सुरुवात अशीच होते. पण स्टिकर मारलात की तुमचं नाव आलं. कारखान्याच्या नोंदणीत तुमचा ब्रँड असायला लागतो, परदेशी कारखाना असेल तर त्याचा भारतातला अधिकृत प्रतिनिधी लागतो, आणि ईटीए त्या मॉडेलचं लागतं. सप्लायर व्हॉट्सॲपवर जो पीडीएफ पाठवतो त्यावरचं मॉडेलचं नाव आणि तुमच्या डब्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का ते बघा. डॅशनंतरचं एक अक्षर वेगळं असेल तरी तो तुमचा कागद नव्हे. बाकी डब्यावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, कुठल्या देशात बनलं आणि तक्रारीसाठी नंबर, हे वजनमापवाल्यांचे नियम सगळ्यांना पाठ आहेतच, आणि ई-वेस्टचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत, ते आपापल्या सीएकडून किंवा जाणकाराकडून समजून घ्या, इथे पसारा वाढवत नाही.

दोन वस्तू मात्र कुठल्याही कागदाने सुटत नाहीत आणि त्याबद्दल मला हात जोडून सांगायचंय. मोबाईलचा सिग्नल वाढवणारा बूस्टर आणि सिग्नल बंद पाडणारा जॅमर. बूस्टर बसवायचा अधिकार मोबाईल कंपनीचा आहे, दुकानातून घेऊन घरात लावायची ती वस्तूच नाही. मला समजतंय की तळमजल्यावरच्या दवाखान्यात, बेसमेंटच्या ऑफिसात सिग्नल येत नाही आणि माणूस कळवळून मागायला येतो, आणि तुम्ही दिलात की त्याचं काम होतं पण. पण तो डबा त्याच्या एका फोनबरोबर सगळा कचरा पण वाढवून टॉवरच्या कानात ओततो, आणि आसपासच्या चार बिल्डिंगांतले लोक हॅलो हॅलो करत बसतात. माझ्या डब्याने तीन सेकंदांतून एकदा जे केलं ते बूस्टर चोवीस तास करतो. जॅमरबद्दल तर बोलायलाच नको, परीक्षेच्या क्लासवाल्याला दिला आणि शेजारच्या घरात कोणी ॲम्ब्युलन्सला फोन लावत असेल तर? जॅमर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, ठेवता पण येत नाही. असेल शेल्फवर तर काढून टाका.

ऑनलाइनवाल्यांना वाटतं की आपल्याकडे कोण बघतंय. मे २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकीटॉकीवरून १३ ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मना नोटिसा काढल्या. कारण काय होतं ते वाचा, लिस्टिंगमध्ये फ्रिक्वेन्सी लिहिलेली नव्हती, लायसन्स लागतं की नाही ते सांगितलेलं नव्हतं, ईटीएचा पत्ता नव्हता. म्हणजे मी जे बिलावर लिहा म्हणतोय तेच. लगेच त्याच महिन्यात रेडिओच्या वस्तू ऑनलाइन विकण्याबद्दल मार्गदर्शक सूचना आल्या. वॉकीटॉकीला पण आपल्याकडे मोकळी जागा आहे, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, कमी पॉवरची, २०१८ पासून. लग्नाच्या हॉलवाल्याला, ट्रेकच्या ग्रुपला त्यातली विका ना. पण पाच वॉटचा, कुठेही ट्यून होणारा सेट खेळणं म्हणून विकला की तो पोलिसांच्या नाहीतर आणखी कोणाच्या चॅनलवर जाऊन बसू शकतो आणि घेणाऱ्या पोराला कळत पण नाही. हवेत कोण काय करतंय ते ऐकणारी यंत्रणा सरकारकडे आहे, आपल्या बोरिवलीला गोराई रोडला वायरलेस मॉनिटरिंगचं स्टेशन आहे, जालन्याला सॅटेलाइटचं आहे. पण मला तुम्हाला त्यांची भीती घालायची नाहीये. भीतीने कोणी फ्रिक्वेन्सी लिहीत नाही, भीतीने लोक बिल देणंच बंद करतात.

खर्चाचं बोलतो, कारण खरी अडचण ती आहे आणि ती नाकारणं खोटेपणा होईल. माझा लॅबचा खर्च माझ्या पहिल्या साठ डब्यांच्या नफ्यापेक्षा जास्त झाला. त्याच्याआधी एका एजंटने माझ्याकडून पैसे घेऊन ईटीए काढून दिलं ते ज्या मॉडेलच्या नावाने काढलं ते माझ्या डब्यावर नव्हतंच, मला परत पहिल्यापासून करायला लागलं, आठ महिने गेले त्यात. त्या आठ महिन्यांत मी काहीही विकलं नाही, बायकोच्या पगारावर घर चाललं. म्हणून कोणी मला म्हणालं की छोट्या माणसाला हे परवडत नाही, तर मी त्याला खोटं ठरवणार नाही. पण काही गोष्टी मला उशिरा कळल्या त्या तुम्हाला आधी सांगतो. मॉडेलचं नाव पहिल्या दिवशी ठरवा आणि नंतर बदलू नका. लॅबला जायच्या आधी स्वतः मोजा. आणि लॅब आपल्या दाराशी आहेत, पवईला आयआयटीच्या आवारात समीर आहे, अंधेरीला एमआयडीसीत ईआरटीएल आहे, या सरकारी संस्था आहेत, तिथे जाऊन आपल्या वस्तूची कुठली टेस्ट होते, कुठली बाहेर करायला लागेल, हे तोंडी विचारलं तरी निम्मं धुकं जातं. दिल्लीच्या एजंटला पहिला फोन करू नका, पहिला फोन लॅबला करा.

आणि अडॅप्टर आतच बसवायच्या फंदात पडू नका, नोंदणी असलेला बाहेरचा घ्या, नंबर ॲपवर तपासून.

दादरच्या सोसायटीत मी नवीन डबा बसवला तो ८६५.०६२५चा, पंधरा मिनिटांतून एकदा बोलणारा. टाकी तीन सेकंदांत भरत नाही हे मला कळायला एवढं सगळं व्हायला लागलं. पंप चालू असेल तेव्हाच फक्त तो मिनिटाला एकदा बोलतो. आजींना मी जाऊन भेटलो, झालं ते सांगितलं, माफी मागितली. त्यांना फ्रिक्वेन्सी वगैरे कळलं नाही पण जिन्यात उभं राहायला लागत होतं ते आता का लागत नाही हे कळलं. नवीन फोनचे पैसे मी देतो म्हटलं तर घेतले नाहीत, चहा दिला.

तर मागणं परत एकदा, अगदी काउंटरच्या भाषेत. बिलावर 'लोरा मॉड्युल, ६ नग' असं न लिहिता 'लोरा मॉड्युल, ८६५-८६८ मेगाहर्ट्झ, ६ नग' असं लिहा. ९१५चा माल आला असेल तर तो परत पाठवा, परत जात नसेल तर वेगळ्या डब्यात ठेवा आणि त्यावर 'इथे वापरायचा नाही' असं मोठ्या अक्षरात लिहा. तयार वस्तू असेल तर ईटीएचा नंबर सप्लायरकडून मागा आणि तो बिलावर नाहीतर लिस्टिंगवर टाका. जो सप्लायर देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आपण एका रस्त्यावर एवढी दुकानं आहोत, सगळ्यांनी एक महिना विचारलं ना, तर माल आणणारे आपोआप ८६५चा आणायला लागतील, त्यांना काय, जे खपतं ते आणतात.

ज्यांना हे सगळं डोळ्यांनी बघायचंय त्यांनी शनिवारी संध्याकाळी माझ्या गाळ्यावर या, सहा नंतर मी असतोच, मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारा पत्ता सांगतील. तुमच्याच दुकानांत मिळतो तो टीव्ही ट्यूनरचा यूएसबी डोंगल मी लॅपटॉपला लावून ठेवलाय, हवेत काय चाललंय ते स्क्रीनवर दिसतं. येताना तुमच्या शेल्फवरचा एक मॉड्युल, एक रिमोट, जे असेल ते घेऊन या, चालू करून बघू तो कुठे बोलतो ते. माझे ते जुने सहा मॉड्युल पण तिथे एका बिस्किटाच्या डब्यात आहेत, ९१५च्या चौकोनावर पेनाचा ठिपका असलेले, ते पण दाखवतो.

तुमचाच,
भांडुपचा टाकीवाला